ठाण मांडून बसलेली जुनी फाइल

संगणकावर एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चढविली, की अखेरीस पडद्यावर एक लहानशी चौकट उमटते आणि स्थापना यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचे तीत दोन ओळींत जाहीर केलेले असते. या दोन ओळींच्या भरवशावर आज केवढे व्यवहार चालले आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. बँकेतील लेखनिक, रुग्णालयाच्या औषधभांडाराचा प्रमुख, तहसील कचेरीतील अव्वल कारकून, शाळेची निकालपत्रके तयार करणारे गुरुजी, ही सारी मंडळी ‘फिनिश’चे बटण दाबतात आणि आपल्यापुढे आता जे चालले आहे ते नवेच होय, अशा निश्चिंत मनाने कामाला लागतात. ही ग्वाही अनेकदा खोटी असते, ती खोटी असल्याचे ती देणाऱ्या इन्स्टॉलरला, म्हणजे स्थापना करणाऱ्या प्रोग्रामला, बहुधा ठाऊक असते, आणि तरीही तो चकार शब्द काढत नाही. हा या धंद्यातील एक जुनाट आणि अक्षम्य दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी फाइल जागची हलत नाही याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते. विंडोज या प्रणालीत जो प्रोग्राम चालू आहे त्याची फाइल, तो चालू असेतोवर, सहसा बदलता येत नाही. नव्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम निघावा, त्याने सामानसुमानासह कचेरीच्या दारात येऊन उभे राहावे, आणि जुन्या साहेबांनी मात्र अद्याप चार्ज सोडलेला नसल्यामुळे त्याला बाहेरच्या बाकावर तिष्ठत बसावे लागावे, तशी त्या नव्या फाइलीची अवस्था होते. अशा वेळी इन्स्टॉलर तिला एका तात्पुरत्या नावाने जवळपास ठेवतो आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स’ या सदराखाली अशी नोंद करून जातो, की संगणक पुढच्या वेळी सुरू होताना, कोणताही प्रोग्राम जागा होण्यापूर्वी, ही अदलाबदल उरकून घ्यावी. व्यवस्था म्हणून यात काही गैर नाही. मात्र ही अदलाबदल होईपर्यंत जुनी फाइलच अंमल चालवीत असते, आणि संगणक पुन्हा सुरू करावयाचा का, या प्रश्नाला आपण सारे ‘नंतर’ असे उत्तर देऊन मोकळे होतो, कारण त्या वेळी समोर रांग उभी असते.

त्यात आणखी एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. सायंकाळी कचेरी सुटताना संगणक बंद केला आणि सकाळी सुरू केला म्हणजे तो पुन्हा सुरू झाला, असे आपण धरून चालतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय या प्रणालीत आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर प्रणालीचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. त्याची त्या क्षणीची स्थिती चकतीवर उतरवून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. परिणामी मुलतवी ठेवलेली कामे तशीच मुलतवी राहू शकतात. ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर मात्र सारे मुळापासून सुरू होते. सबब जो गृहस्थ रोज रात्री नेमाने संगणक बंद करतो त्याच्याकडे जुनी फाइल आठवडेच्या आठवडे टिकते, आणि ज्याच्या संगणकाने मधेच मान टाकल्यामुळे चिडून ‘रीस्टार्ट’ दाबले जाते त्याच्याकडे ती एका दिवसात जाते, असा उफराटा न्याय पाहावयास मिळतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ च्या काळात, अनेक प्रोग्राम मिळून वापरीत त्या सामायिक फाइली एकाच सार्वजनिक फोल्डरात राहत. प्रत्येक नवा प्रोग्राम आपल्याबरोबर त्या फाइलींची आपली प्रत घेऊन येई आणि तेथे असलेल्या प्रतीवर ती बिनदिक्कत टाकून देई. पुष्कळदा ही प्रत मूळ प्रतीहून जुनी निघे, आणि मग त्याच फाइलीवर विसंबून असलेला दुसराच एखादा निरपराध प्रोग्राम दुसऱ्या दिवशी कोलमडे. या सामायिक फाइलींना ‘डीएलएल’ म्हणत, म्हणून या गोंधळाला त्या काळच्या अभियंत्यांनी ‘डीएलएल हेल’ असे नाव दिले होते, आणि ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये ऑफिस २००० च्या बरोबरीने मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही नवी यंत्रणा आणली आणि कोणती फाइल कोणत्या फाइलीची जागा घेऊ शकते याचे कायदेकानू तिच्यात घालून दिले.

हे कायदे मुळात शहाणपणाचेच आहेत. फाइलीच्या अंगावर आवृत्तीचा क्रमांक असेल, तर ज्येष्ठ क्रमांक टिकतो. क्रमांक समान असतील, तर आधीची फाइल जागेवर राहते. क्रमांकच नसेल, म्हणजे ती साधी मजकुराची, नमुन्याची किंवा मांडणीची फाइल असेल, तर तिच्या निर्मितीची तारीख आणि शेवटच्या फेरफाराची तारीख ताडून पाहिली जाते, आणि फेरफार नंतरचा असेल तर ती वापरणाऱ्याने स्वतः बदललेली आहे असे मानून तिला हात लावला जात नाही. दुसऱ्याच्या श्रमाचा हा आदर स्तुत्य आहे यात शंका नाही. पण याच कायद्यांच्या फटींतून आळस आत शिरतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाइलीच्या आतला मजकूर सुधारला आणि तिचा क्रमांक वाढविण्यास मात्र तो विसरला, की इन्स्टॉलरच्या दृष्टीने दोन्ही फाइली एकच ठरतात आणि सुधारलेली फाइल पेटीतच पडून राहते. शिवाय संपूर्ण प्रोग्रामच्या आवृत्तीची तुलना करताना ही यंत्रणा क्रमांकाचे पहिले तीनच भाग विचारात घेते, चौथा भाग खुशाल सोडून देते. हे माहीत नसलेला अभियंता महिनोन्‌महिने चौथाच आकडा वाढवीत राहतो आणि आपण दर खेपेस नवी आवृत्ती काढली अशा समजुतीत वावरतो.

काही वेळा तर याहून विपरीत घडते. कोणती फाइल नव्याने ठेवावयाची हे आधी ठरते आणि जुना प्रोग्राम नंतर काढला जातो, असा क्रम असेल, आणि नव्या संचातील एखाद्या फाइलीचा क्रमांक काही कारणाने जुन्या फाइलीपेक्षा कमी असेल, तर इन्स्टॉलर प्रथम ठरवितो की जागेवरची फाइल ज्येष्ठ असल्याने नवी ठेवण्याची गरज नाही, आणि मग तीच ज्येष्ठ फाइल जुन्या प्रोग्रामबरोबर बाहेर काढतो. जुनी गेली आणि नवी आलीच नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘रिपेअर’ म्हटले की फाइल जागेवर येते, आणि पाहणाऱ्याला वाटते की संगणकाला लहर आली असावी. लहर वगैरे काही नसते. सारे नियमाला धरून झालेले असते.

आता मौनाविषयी. विंडोज इन्स्टॉलर आपल्या प्रत्येक निर्णयाची तपशीलवार नोंदवही ठेवू शकतो. ती उघडून पाहिली, तर ज्या फाइलीला हात लावला नाही तिच्या नावापुढे ‘वोन्ट ओव्हरराइट’ असा शेरा असतो आणि त्याला लागून कारणही दिलेले असते: आधीची फाइल समान आवृत्तीची आहे, किंवा तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक नाही पण तीत फेरफार झालेला आहे. एवढी स्वच्छ कैफियत सरकारी दफ्तरांतही विरळाच सापडेल! पण ही नोंदवही आपण होऊन लिहिली जात नाही. इन्स्टॉलर आज्ञेच्या ओळीवरून चालवून त्याला एक विशिष्ट खूण जोडावी लागते, तेव्हा कुठे ती तयार होते. आणि दोनदा माऊस टिचकावून काम उरकणाऱ्या सामान्य माणसाला अशी काही खूण असते याची गंधवार्ताही नसते. त्याच्या वाट्याला येते ती फक्त यशाची चौकट. निर्णय घेणाऱ्याला कारण माहीत आहे, ते मांडण्याची भाषा त्याच्यापाशी तयार आहे, आणि ज्याच्या संगणकावर तो निर्णय लागू होतो त्यालाच ते सांगितले जात नाही, हा प्रकार तांत्रिक मर्यादेत बसत नाही. येथे कोणी तरी न सांगणे पसंत केलेले आहे.

न सांगणे हे अपरिहार्य असते, तर गोष्ट वेगळी होती. लिनक्सच्या डेबियन या शाखेत, मांडणीची एखादी फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदलून आली असेल, तर स्थापना तेथे थांबते आणि तुम्हांला सरळ विचारते: तुमची ठेवू, की नवी घेऊ, की दोहोंतला फरक दाखवू? रेड हॅटच्या परंपरेत असा प्रश्न पडत नाही, पण नवी फाइल शेजारी वेगळे पुच्छ जोडून ठेवली जाते आणि तसा इशारा पडद्यावर छापला जातो. लिनक्सवाल्यांनी यावरून फार मिरवू नये, एवढे मात्र सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे चालू प्रोग्रामची फाइल खुशाल बदलता येते, आणि म्हणून वेगळाच सापळा तयार होतो: चकतीवर नवी फाइल असते, पण आधीपासून चालू असलेली सेवा स्मृतीतली जुनी प्रतच वापरीत राहते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या संकेतनाच्या ग्रंथालयातील ‘हार्टब्लीड’ नावाचे छिद्र उघडकीस आले, तेव्हा दुरुस्त ग्रंथालय उतरवून घेणे पुरेसे नव्हते. त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक सेवा थांबवून पुन्हा सुरू करणे भाग होते. ज्यांनी ते केले नाही त्यांच्या चकतीवर दुरुस्ती होती आणि कारभारात छिद्र होते.

आपल्याकडील व्यवहारात या गोष्टीचे रूप कसे दिसते, याचा एक नमुना मी एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत पाहिला. ठेवींच्या व्याजाचे दर बदलले होते, हिशेबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चढली होती, आणि तरीही एकाच संगणकावरून निघणाऱ्या मुदत ठेवीच्या पावत्यांवर दोन निरनिराळे दर छापले जात होते. सकाळच्या लेखनिक बाईंनी पावती काढली तर जुना दर, दुपारच्या कारकुनांनी काढली तर नवा. प्रोग्राम पुरविणाऱ्याचा माणूस येऊन गेला होता. “मॅडम, अपडेट झालंय, वर व्हर्जन बघा ना,” एवढे बोलून त्याने हात झटकले होते, आणि पडद्याच्या माथ्यावर खरोखरच नवा क्रमांक झळकत होता. बाई बिचाऱ्या दर पावतीवर पेनाने दुरुस्ती करून सही करीत होत्या. व्यवस्थापकांचा वहीम त्यांच्या टंकलेखनावर होता.

बाई निर्दोष होत्या. सामान्य वापरकर्त्याला प्रोग्रामच्या मुख्य फोल्डरात काही लिहिण्याची मुभा नसते. पण जुन्या धाटणीचे प्रोग्राम तेथेच लिहू पाहतात, आणि ते कोसळू नयेत म्हणून विंडोज व्हिस्टापासून प्रणाली त्यांची लिखापढी परस्पर त्या वापरकर्त्याच्या खासगी कप्प्यात वळविते. या कप्प्याचे नाव ‘व्हर्च्युअल स्टोअर’. प्रोग्रामला वाटते आपण मुख्य जागीच लिहिले, आणि पुढे वाचतानाही त्याला आधी हीच खासगी प्रत दिली जाते. बाईंनी केव्हा तरी त्या प्रोग्रामची मांडणी बदलून जतन केली होती. त्या क्षणी दरांसह त्या फाइलीची एक प्रत त्यांच्या कप्प्यात तयार झाली. इन्स्टॉलरने नंतर मुख्य फोल्डरातील फाइल इमाने-इतबारे बदलली, पण बाईंच्या नावाने आत शिरणाऱ्या प्रोग्रामला ती कधी दिसलीच नाही. कारकुनांनी काहीच जतन केलेले नव्हते, म्हणून त्यांना नवी दिसली. तो कप्पा उघडून जुनी प्रत दुसरीकडे हलविण्यास चहा निवण्याइतकाही अवधी लागला नाही. पुरवठादाराच्या माणसाला हा कप्पा माहीत नसावा याचे मला नवल वाटले नाही. मात्र ज्याने हा प्रोग्राम रचला त्याने तो मुख्य फोल्डरात दर लिहून ठेवतो हे जाणूनबुजून केले होते, आणि अशी लिखापढी करू नये हे मायक्रोसॉफ्ट तेव्हाही वर्षानुवर्षे सांगत आलेली होती.

मराठी लिहिणाऱ्यांना तर या दुखण्याची ओळख जुनी आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथम रीतसर आधार मिळाला, आणि जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची मांडणी करण्याचे काम ‘यूएसपी१०’ नावाच्या एका फाइलीकडे आले. ही फाइल प्रणालीबरोबर येई, ब्राउझरबरोबर येई, आणि ऑफिसच्या संचात तिची आणखी एक प्रत त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असे. एकाच संगणकावर एकाच वाक्यातील जोडाक्षरे एका प्रोग्राममध्ये सुरळीत आणि दुसऱ्यात मोडकी दिसत, त्याच्या कारणांपैकी हे एक होते. धाडसी माणसे नवी प्रत प्रणालीच्या फोल्डरात नेऊन टाकीत, आणि विंडोज २००० पासून आलेला ‘फाइल प्रोटेक्शन’ हा पहारेकरी त्यांची पाठ फिरताच आपल्या साठ्यातून जुनी प्रत पुन्हा बहाल करी. भारतीय भाषांच्या कित्येक हौशी अभ्यासकांनी या पहारेकऱ्याला चुकविण्यासाठी सुरक्षित अवस्थेत संगणक सुरू करण्याच्या युक्त्या एकमेकांना शिकविल्या. आपल्या लिपीतील एक अक्षर नीट दिसावे एवढ्यासाठी सामान्य माणसाला प्रणालीच्या गाभ्यात हात घालावा लागावा, हे त्या वेळीही मला शोभादायक वाटले नव्हते.

कोणी म्हणेल, की पावतीवरचा दर आणि पडद्यावरचे जोडाक्षर यांसाठी एवढा आकांत कशाला? त्याने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी काय झाले ते पाहावे. नाइट कॅपिटल ही तेथील मातब्बर दलाली पेढी. बाजाराने किरकोळ गुंतवणूकदारांसाठी त्या दिवसापासून एक नवी योजना सुरू केली होती, आणि तिच्यासाठी पेढीने आपल्या सौदे पाठविणाऱ्या यंत्रणेत नवा प्रोग्राम बसविला. ही यंत्रणा आठ सर्व्हरांवर चालत असे. सात सर्व्हरांवर नवा प्रोग्राम पोचला. आठव्यावर तो उतरविण्याचे एका कर्मचाऱ्याकडून राहून गेले, आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही, कारण तसे तपासावे असा लेखी शिरस्ताच पेढीत नव्हता. आठव्या सर्व्हरावर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना प्रोग्राम तसाच होता. २००३ पासून त्याचा वापर बंद होता, पण तो काढून कोणी टाकला नव्हता. दुर्दैव असे, की त्याला जागे करणारी जी खूण होती तीच नव्या योजनेसाठी पुन्हा वापरात आणली गेली होती.

बाजार उघडला. सात सर्व्हरांनी त्या खुणेचा अर्थ नवा घेतला, आठव्याने जुना घेतला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी पुढील सुमारे ४५ मिनिटांत त्या यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरांत ४० लाखांहून अधिक सौदे केले, ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली, आणि पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक रकमेची खोट बसली. यातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग त्या ४५ मिनिटांतला आहे. काही तरी बिघडले आहे हे कळल्यावर तेथील तंत्रज्ञांनी नव्या प्रोग्रामवर संशय घेतला आणि ज्या सात सर्व्हरांवर तो बरोबर बसला होता त्यांवरून तो काढून टाकला. त्यासरशी त्या सातांवरचाही जुना प्रोग्राम जागा झाला आणि आग अधिकच भडकली. नवे बसविले की जे बिघडते ते नव्यामुळेच, हा ग्रह इतका बळकट असतो, की जुने कोठे उरले आहे का, हे पाहण्याचे भान भल्याभल्यांना राहत नाही. बाजार उघडण्यापूर्वी पेढीच्याच एका अंतर्गत यंत्रणेने ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेली ९७ ईपत्रे पेढीतल्या लोकांना आपण होऊन धाडली होती, हेही चौकशीत निघाले. ती कोणी धोक्याचा इशारा म्हणून वाचली नाहीत. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये पेढीला १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला. तोपर्यंत ती दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती.

आणि मौनाला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात, याचाही दाखला आहे. ओरॅकलने २०१० साली सन कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर जावा ही प्रणाली आली. ८५ कोटींहून अधिक संगणकांवर तिचा मुक्काम होता. अद्ययावत करा, म्हणजे तुमचा संगणक सुरक्षित राहील, असे ती ग्राहकांना सांगे. पण अद्ययावत करताना तिचा इन्स्टॉलर फक्त लगतची मागची आवृत्ती काढी. त्याआधीच्या साऱ्या आवृत्त्या, त्यांतील जगजाहीर छिद्रांसह, जागच्या जागी राहत, आणि चोरट्यांना तेवढे पुरे होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याला ग्राहकांची दिशाभूल म्हटले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार, संगणकावर जुन्या आवृत्त्या आहेत हे अद्ययावत करतेवेळी ग्राहकांना सांगणे आणि त्या काढून टाकण्याची सोय देणे कंपनीस बंधनकारक झाले. सुरक्षिततेची ग्वाही देऊन धोका कायम ठेवणे, आणि तो कायम ठेवल्याचे न सांगणे, यात चूक कोणाची हे ठरविण्यास आयोगाला फारसे तांत्रिक पांडित्य लागले नाही.

या मताविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. सामान्य माणसाला फाइलींची यादी दाखवून काय उपयोग, तो गोंधळेल, घाबरेल, आणि नको ते बटण दाबून बसेल, असे प्रोग्रामवाले म्हणतात. पण कोणी यादी मागितलेली नाही. ‘तीन फाइली बदलता आल्या नाहीत, संगणक रीस्टार्ट केल्यावर बदलतील, तोपर्यंत जुनीच आवृत्ती चालेल’ एवढे एक वाक्य मराठीत लिहिणे अवघड नाही, आणि ते वाचून कोणी घाबरण्याचेही कारण नाही. रीस्टार्ट झाल्यावर इन्स्टॉलरने आपण होऊन एकवार फिरून, जे बदलावयाचे ते बदलले का याची खातरजमा करावी, आणि मगच यशाची चौकट दाखवावी, हेही अशक्य कोटीतले नाही. फाइलीचा ठसा काढून मूळ संचातील ठशाशी ताडून पाहण्याचे तंत्र कित्येक दशके वापरात आहे. हे केले जात नाही, कारण ते मागितले जात नाही. विकत घेणारा पडद्यावरचा क्रमांक पाहून बिल मंजूर करतो, तेव्हा विकणाऱ्याने क्रमांकाचीच काळजी घ्यावी हे ओघाने आले.

म्हणून माझी विनंती प्रोग्राम रचणाऱ्यांपेक्षा तो विकत घेणाऱ्यांना आहे. नगरपालिका, पतसंस्था, जिल्हा परिषदेच्या शाळा, रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्था दरसाल देखभालीचे करार करतात. पुलाचे किंवा इमारतीचे काम संपल्यावर काम पूर्ण झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून ठेकेदाराचे अखेरचे देयक आपण अदा करीत नाही. प्रोग्रामच्या बाबतीत मात्र ठेकेदाराच्या माणसाच्या तोंडी शब्दावर धनादेश फाडतो. करारात एक कलम घाला, की प्रत्येक अद्ययावतीनंतर कोणत्या फाइली बदलल्या, कोणत्या बदलल्या नाहीत आणि का, याचा लेखी तपशील इन्स्टॉलरच्या नोंदवहीसह सादर केला पाहिजे, आणि तो प्रत्येक संगणकासाठी व तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावासाठी स्वतंत्र असला पाहिजे. तोवर निदान एवढे करा: नवी आवृत्ती चढविण्यापूर्वी तो प्रोग्राम सर्व ठिकाणी बंद करवून घ्या, चढविल्यावर संगणक बंद न करता ‘रीस्टार्ट’ करा, मग मुख्य फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर तिचा क्रमांक व तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तो क्रमांक जुना निघाला, तर पुरवठादाराला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि तो बदलून मिळेपर्यंत त्याचे बिल रोखून धरा.